मागणीचीच प्रार्थना

प्रश्न : माझा मुलगा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. पहाटे भाकरी थापते, तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवते, तेवढ्यात त्याचे नाव घेऊन ‘प्रभू, सांभाळ’ एवढेच म्हणते. कधी कधी देवाशी भांडतेही. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सांगितले की स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती (देवाचे आभार) आणि मग मागणी, असा क्रम नसेल तर ती प्रार्थना अपुरी होय. हे खरे आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या बाईंनी सांगितलेला क्रम चांगला आहे, कारण त्यामुळे माणूस केवळ आपल्या गरजांपाशी अडकून राहत नाही, पण तो शिकण्यासाठी केलेला आहे, मोजण्यासाठी नव्हे. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना (बायबल, मत्तय ६:९-१३) सावकाश म्हणून पाहा. पित्याला हाक मारल्यानंतर ‘मानले जावो’, ‘येवो’, ‘दे’, ‘सोड’ असे एकामागून एक मागणेच येते; शेवटची गौरवाची ओळ तेवढी वेगळी. शिवाय तिथे ‘माझी भाकर’ नाही, ‘आमची’ आहे. म्हणजे जी भाकर तुम्ही तव्यावर उलटता, ती मागताना शेजारच्या मागावरचा कामगारही आपोआप त्या मागणीत येतो.

दुसऱ्यासाठी मागण्याला मराठी बायबलात ‘रदबदली’ असा कचेरीतला शब्द आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विनंत्या, प्रार्थना, रदबदली आणि उपकारस्तुती ही चारही नावे एकाच वाक्यात येतात, आणि त्यांत कोणती थोर, कोणती हलकी, असे तो कुठेही म्हणत नाही. तुम्ही मुलासाठी करता ती रदबदलीच आहे.

भांडण्याविषयी मात्र मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे ते लपवण्याचीच रीत आहे. बायबलातील स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्याची स्तोत्रे पुष्कळ आहेत. तेराव्या स्तोत्रात कवी ‘तू मला कोठवर विसरणार?’ अशा अर्थाने देवाला थेट विचारतो आणि शेवटी गायनाकडे वळतो. परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला सांत्वनाची ओळ जोडलेली नाही, तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले.

पापकबुलीला लांबण लागत नाही. मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराने लूक १८:१३ मध्ये ती एका वाक्यात केली. स्तुतीसाठी स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर ना. वा. टिळकांचे एखादे भजन गुणगुणावे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला आपल्या मातीची चाल दिली, आणि ते भजन पीठ मळतानाही म्हणता येते. मुलगा सकाळी घरी पोहोचला, की त्याच्यापुढे ताट ठेवताना ‘प्रभू, उपकार’ म्हणा. पहाटेच्या ‘सांभाळ’ला त्याची जोड पुरेशी आहे.