मुलांना काइटसर्फिंग शिकवायचंय? आधी वाळूवर

गोव्यातल्या मोरजीहून एका पालकाने विचारलंय: ७ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा, दोघांना काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून (बोर्डवरून) पाण्यावर सरकणं, कसं शिकवू? मोरजीला राहता म्हणजे अर्धं काम झालं. दुपारचा समुद्रावरून येणारा वारा आणि लांबलचक वाळू, दोन्ही हाताशी.

७ वर्षांच्या धाकटीला यंदा पाण्यात काइट नकोच. दीड-दोन चौरस मीटरचा ट्रेनर काइट (सरावाचा छोटा पतंग), हलका वारा, कोरडी वाळू, हार्नेस (काइट अंगाला जोडणारा पट्टा) नाही. ओढ वाढली की बार (हातातला दांडा) सोडून द्यायचा, एवढंच तिच्या अंगवळणी पडू द्या. जोडीला पोहणं.

११ वर्षांच्या थोरल्याचं मात्र वय नको, वजन बघा. ३५ किलोच्या पोराच्या हाती तुमचा जुना ९ चौरस मीटरचा काइट दिलात तर तो पोरालाच उचलेल. नव्या पालकांची हीच चूक सर्रास दिसते. "सांभाळून धरेल" म्हणे! लहान काइट, आखूड दोऱ्या, हेल्मेट, इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर मार कमी करणारं जाकीट) घ्या. क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडवणारी कळ) डोळे मिटून, एका हाताने जमेपर्यंत बोर्ड दाखवूही नका.

आणखी दोन गोष्टी:
- वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर सरळ घरी जा.
- ओहोटीच्या वेळी शापोरा नदीच्या मुखाजवळ उतरू नका, पाणी बाहेर खेचतं.

पाण्यातले पहिले धडे प्रशिक्षकाकडूनच घ्या. आईबापांचं मुलं ऐकत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं. उड्याबिड्यांचं पुढच्या हंगामात विचारा.