एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) शेरीफ स्वतःचे दुकानही चालवत असे, हे खरे आहे का? दोन्ही कामे एकाच माणसाला कशी जमत?

होय, हे खरे आहे, आणि त्यात त्या काळी कोणाला फारसे वावगेही वाटत नसे. मुंबईच्या नगरपालांमुळे शेरीफ म्हटले की आपल्याला मानाचे पद आठवते. अमेरिकेतील काउंटीचा शेरीफ मात्र गुन्हेगार पकडण्याबरोबरच समन्स बजावणे, जप्ती आणणे, जप्त मालाचा लिलाव पुकारणे आणि कैद्यांची कोठडी सांभाळणे अशी कामे करी. आपल्याकडचा फौजदार आणि कोर्टाचा बेलीफ एकत्र करून त्याला निवडणुकीला उभे करावे, तसा हा प्रकार होता. निवडणूक हरली की पद गेले, त्यामुळे हातचा धंदा कोणी सोडत नसे.

माझ्या माहितीतले सर्वांत ठसठशीत उदाहरण सेथ बुलक याचे आहे. (नाव सेथ आणि पेशाने शेठ, हा योगायोग मराठी माणसाच्या नजरेतून सुटत नाही.) १८४९ साली कॅनडातील ऑन्टॅरिओत जन्मलेला हा माणूस तरुणपणी मोंटानातील हेलेना येथे आला आणि १८७३ मध्ये तेथील लुईस अँड क्लार्क काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. बव्हेरियातून आलेल्या सॉल स्टारबरोबर त्याने लोखंडी सामानाच्या व्यापारात भागीदारी केली, आणि ब्लॅक हिल्समध्ये (आजच्या साउथ डकोटातील डोंगराळ भागात) सोने सापडल्यावर दोघे मालाने भरलेल्या गाड्या घेऊन १ ऑगस्ट १८७६ रोजी तेथील डेडवुड या खाणवस्तीत पोहोचले. दुकान म्हणजे एक तंबू. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मालाचा लिलाव पुकारला आणि त्यात सर्वाधिक मागणी रात्री खाटेखाली ठेवायच्या लघवीच्या भांड्यांना होती, असे सांगतात. चिखलाच्या गावात काय खपेल याचा हिशेब ज्याला आधी कळतो, तो खरा दुकानदार!

दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक डेडवुडमध्ये पत्ते खेळत असताना जॅक मॅकॉलने त्याला गोळी घातली. १८६८ च्या करारानुसार तो प्रदेश लाकोटा या मूळनिवासी लोकांचा असल्यामुळे डेडवुड ही वस्तीच बेकायदा होती, तेथे न्यायालय नव्हते, आणि खाणकामगारांनी भरवलेल्या पंचायतीने मॅकॉलला सोडून दिले. पुढे डकोटा प्रदेशाची राजधानी यँक्टन येथे रीतसर खटला होऊन तो फाशी गेला. फेब्रुवारी १८७७ मध्ये अमेरिकन सरकारने तो मुलूख आपल्याकडे ओढला, आणि मार्चमध्ये गव्हर्नरने बुलकला डेडवुड ज्यात येते त्या लॉरेन्स काउंटीचा शेरीफ नेमले.

दुकानदारच का, याविषयी मी माझ्या अनुभवावरून तर्क करतो. माझ्या आजोबांचे तालुक्याच्या गावी हार्डवेअरचे दुकान होते. कोण अडचणीत आहे आणि कोण गाव सोडण्याच्या बेतात आहे, हे त्यांना उधारीच्या वहीवरून इतरांच्या आधी समजे. फावडी, शेगड्या आणि सुरुंगाची दारू विकणाऱ्या बुलकलाही गाव असेच ठाऊक असणार. पगार थकल्यामुळे कीट्स खाणीत ठाण मांडून बसलेल्या कामगारांना त्याने हवेच्या झरोक्यातून जळता गंधक टाकून बाहेर काढले, अशी हकिकत आहे. गोळी न झाडता काम उरकण्याची ही रीत मला तरी पक्की व्यापारी वाटते, जरी न्याय कामगारांच्या बाजूने होता असे माझे मत असले तरी. तसेच, ज्याच्या दुकानाची उधारी थकली आहे त्याच्याच घरी जप्ती नेण्याची पाळी अशा अधिकाऱ्यावर येऊ शकत होती, ही या व्यवस्थेतली खरी खोट होती.

नोव्हेंबर १८७७ च्या निवडणुकीत तो हरला. शेरीफपद जेमतेम आठ-नऊ महिने टिकले. दुकान मात्र १८९४ मध्ये जळेपर्यंत चालले, आणि त्याच जागेवर दोघा भागीदारांनी ६३ खोल्यांचे हॉटेल बांधले. ते बुलकच्या नावाने आजही उभे आहे.