ख्रिस्ती विश्वासाने मनातली भीती खरंच जाते का?

तुम्ही विचारलंय की रोज प्रार्थना करते, बायबल वाचते, तरी रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, घरात कुणाला तरी काहीतरी होणार असं वाटत राहतं. त्यात चर्चच्या मंडळीतले एक जण म्हणाले, "तुमचा विश्वास कमी पडतोय." मग विश्वासाने भीती जाते की नाही?

माझी काही भीती गेली, काही अजून आहे. पण आधी त्या 'विश्वास कमी'चं बघू. तुमची निम्मी झोप त्यानेच उडवली असणार.

मी नवापूर तालुक्यातली, मावची समाजातली. आमच्या घरात ख्रिस्त आला तो आजीच्या पिढीत. आजीला कशाची भीती होती ते तिच्या तोंडून ऐकलंय. वाघाची नाही, डाकिणीची. गावात पोर तापाने गेलं, बैल मेला, की भगताकडे जायचं आणि भगताने सांगायचं, हे कुणी केलं. नाव बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईचं निघायचं. विधवा, नाहीतर जिच्या जमिनीवर दिराचा डोळा. आजी स्वतः तरुणपणी विधवा झालेली, त्यामुळे तिची भीती दुहेरी होती: डाकीण आपल्याला खाईल ही, आणि उद्या आपल्यालाच डाकीण ठरवतील ही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा ती हयात नव्हती. ती म्हणायची, येशूकडे आल्यावर पहिली गोष्ट ही झाली की दुखणं आलं तर कुणाचं नाव शोधायची गरज उरली नाही. तिच्या भीतीवर विश्वासाने मात केली ती अशी. रात्री अंधारात शेताला पाणी द्यायला एकटी जायची.

आता माझं. शाळेत आरोग्य पथक आलं, सगळ्या मुलांचं रक्त घेतलं. माझ्या मुलीची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, मग इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे पक्क्या तपासणीला, नमुना गेला आणि रिपोर्ट आला एसएस. म्हणजे सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची नुसती वाहक नाही, रुग्ण. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा आजार आदिवासी घरांत बराच आहे. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं, ताप आला की हातापायांत अशा कळा येतात की पोर अक्षरशः लोळतं. डिसेंबर लागला की माझ्या पोटात गोळा येतो, आजही.

नातेवाइकांत कुजबुज झाली, करणी असेल. सासरच्या एक बाई म्हणाल्या, आईकडून आलंय. हे अर्धंच खरं. एसएस व्हायला आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, मग तुम्ही कितीही भक्तिमान असा. आणि प्रार्थनेला आलेल्या एका भावाने डोक्यावर हात ठेवून काय सांगावं? "ताई, घरात कुठेतरी अविश्वास आहे."

तेव्हा मला आजीचा भगत आठवला. सूट घातला, हातात बायबल घेतलं, तरी प्रश्न तोच: हे कुणी केलं? फक्त बोट आता शेजारणीकडून वळून आजारी माणसाच्या आईवर आलं होतं. भीतीला नेहमी एक गुन्हेगार लागतो हो. डाकीण मिळाली नाही तर ती तुमचा विश्वास धरून आणते.

शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस आहे. शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नावं खोडतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना माती लावायला लागतो. हा अध्याय मी त्या काळात इतका वाचला की ते पान सुटं झालंय. मला त्यातून बरं होण्याची हमी मिळाली नाही, मुलीचा रिपोर्टही बदलला नाही. पण आपल्यामुळे झालं, आपल्याला शिक्षा होतेय, ही जी आतली भीती होती, ती गेली. मी म्हटलं काही गेली, ती ही.

राहिली ती दुसरी, पोरीला कळा येतील ही. ती जावी असं मला वाटतही नाही. त्याच भीतीपायी तिची पाण्याची बाटली भरलेली असते, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकत नाही, अंगात ताप दिसला की सकाळची वाट न बघता आम्ही दवाखान्यात निघतो. आमच्याकडे चिंचपाड्याला 1942 पासून मिशनचा दवाखाना आहे. तिथे प्रार्थनाही होते आणि सलाईनही लागतं, एकामुळे दुसरं अडत नाही. 'विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला' म्हणणाऱ्यांशी मी वादच घालत नाही.

बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आकडा खरा नाही, आणि खरा असता तरी रात्री दोन वाजता त्याचा काय उपयोग? मला उपयोग झाला तो घाबरलेल्या माणसांचा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला घाबरून रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला, आता मला मरण दे. देवाने त्याला सुनावलं नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर. बोलणं सगळं नंतर. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बापही बघा, ज्याच्या मुलाला फेफरं येतं. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात दोन्ही म्हणतो. मुलगा बरा होतो. 'आधी विश्वास पूर्ण करून ये' असं त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा रात्री जाग आली तर 'भीती घालव' अशी प्रार्थना करू नका, निदान मी करत नाही. तसं केलं की आपण दर मिनिटाला तपासत बसतो, गेली का, गेली का. मी भीतीचं नाव घेऊन सांगते: पोरीचं अंग गरम लागतंय, मला भीती वाटते. मग उठते, थर्मामीटर लावते. नवऱ्याला उठवते, तो कुरकुरतो, पण बसतो. येशूनेसुद्धा गेथशेमाने बागेत तीन मित्रांना सोबत जागायला सांगितलं होतं. ते झोपले ही गोष्ट वेगळी.

आणि धडधड रोजची झाली असेल, जेवण-काम सुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, रक्त कमी असणं, यांनीही छाती धडधडते. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस सेवा आहे, 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिथे फोन केल्याने कुणी कमी ख्रिस्ती होत नाही.

राहिले ते तुमच्या मंडळीतले गृहस्थ. त्यांच्याशी भांडू नका. पुन्हा म्हणाले तर एवढंच विचारा: आज रात्री दोन वाजता मी फोन केला, तर उचलाल का?