गिधाडासारखा घाणेरडा पक्षी बघायला पुण्याहून मुद्दाम कोण जाणार?

आपणच जातो की! ओंकारेश्वरापाशी दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की अख्खं घर हात जोडून झाडाकडे बघत उभं राहतं. "मुलांचं बघू आम्ही" असं गेलेल्याला कबूलही करतं. कावळाही मेलेलं खाणाराच ना? गिधाडाचा तर आपण जटायू केला. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी श्रद्धा आहे. आणि तरी शिवी देताना 'गिधाडं टपलीत' हीच.

जायचंच असेल तर ताम्हिणी उतरून म्हसळ्याजवळच्या चिरगावला जा. तिथे गावाच्या साथीने पांढऱ्या पाठीची गिधाडं जपली गेलीत. गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ती गुरं मेल्यावर खाऊन, देशभरातली गिधाडं संपत आली; २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. गाईड नुसतं 'दुर्मीळ पक्षी' म्हणाला तर लोक फोटो काढून निघतात. टाकेदची गोष्ट निघाली, की मागे बसलेल्या आजीसुद्धा दुर्बीण मागतात. घरट्याच्या झाडापासून मात्र लांबच राहा. पंख पसरून ऊन खात बसलेलं दिसलं तर नशीब.