सही करण्याआधी पान वाचलंत का? ग्रामसभेविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या सदरानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पुढ्यात आहे. पत्रं साताऱ्यापासून गोंदियापर्यंतची, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. गावच्या कारभारात स्वतःहून लक्ष घालणारी मंडळी वाढली आहेत, हे चांगलंच. पण त्यांची निम्मी माहिती पारावरच्या गप्पांतून आलेली असते आणि उरलेली व्हॉट्सॲपवरून. मी आधी ग्रामसेवक होतो, नंतर विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तेव्हाही हेच प्रश्न यायचे, फक्त लोक कचेरीत येऊन विचारायचे. नावं गाळून उत्तरं देतो.

आम्ही सात-आठ तरुणांनी गावाच्या कारभारात लक्ष घालायचं ठरवलंय. आधी संस्था नोंदवावी लागेल का? (बीड जिल्हा)

नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य असतोच. लेटरहेड छापण्यापेक्षा पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून या. लोकांकडून पैसे गोळा करणार असाल तर मात्र नोंदणी, बँक खातं आणि पावतीपुस्तक हवं. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा.

मी नोकरीसाठी पुण्यात असतो, मतदानही पुण्यातच करतो. गावच्या ग्रामसभेत मला मत देता येईल का?

नाही. आणि दोन्हीकडे नाव ठेवा असं कुणी सुचवलं तर तेही कायद्यात बसत नाही.

आमच्याकडे प्रत्येक ग्रामसभा ‘कोरम नाही’ म्हणून तहकूब होते. लोक म्हणतात, निम्मे मतदार हजर लागतात. खरं का? (हिंगोली जिल्हा)

निम्मे कुणी सांगितले? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा लहान तो. चारशे मतदारांच्या गावाला ६० माणसं पुरतात आणि तीन हजारांच्या गावालाही शंभरच.

खरी गोम पुढेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची, म्हणजे कोरमची, अट नसते. पहिल्या दिवशी शंभर जण जमले नाहीत, तर दुसऱ्या तारखेला बारा जणांत तेच विषय मंजूर होऊ शकतात. काही गावांत हे ठरवून होतं. सोयाबीनची काढणी ऐन भरात, सभा सकाळी दहाला आणि दवंडी आदल्या रात्री. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी आणि वर्षाला किमान चार सभा व्हायला हव्यात. सबळ कारण नसताना सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. पण फलकावर नोटीस कधी लागली याचा पुरावा तुमच्याजवळ असला पाहिजे. नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि तो घेऊन पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांना भेटा. तहकूब सभेची तारीख तिथल्या तिथे विचारून घ्या आणि त्या दिवशी जा. एवढं कुणी करत नाही.

गेल्या ग्रामसभेत गायरानातली जागा एका संस्थेला देण्याच्या ठरावाला आम्ही वीस-बावीस जणांनी उभं राहून विरोध केला. आठ महिन्यांनी माहिती अधिकारात नक्कल मिळाली, तर ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली आमच्याच सह्या! हे कसं झालं? (सोलापूर जिल्हा)

कसं झालं ते तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. ‘आत शिरताना शिपायाने रजिस्टर पुढे केलं, सगळ्यांनी सह्या केल्या.’ पानावर वर काय लिहिलं होतं, हे पत्रात कुठेच नाही. कारण वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

या विषयावर मी बोलायला लागलो की घरची माणसं उठून जातात. पण दुसरा इलाज नाही. सभेत माणूस घसा फोडून बोलतो, टाळ्या मिळवतो, घरी जातो. कचेरीला आणि कोर्टाला मात्र फक्त इतिवृत्त दिसतं, ज्याला तुमच्याकडे प्रोसिडिंग म्हणतात. ते दोन दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी, भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक सवडीने लिहितात. हजेरीची सही आणि ठरावाखालची सही एकाच पानावर आली की विरोध करणारा आणि होकार देणारा यांत कागदावर फरक उरत नाही.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. नवा ग्रामसेवक असताना एका सरपंचांनी मला सांगितलं, ‘भाऊसाहेब, खाली दोन ओळी सोडा, एक विषय राहिलाय.’ मी सोडल्या. त्या दोन ओळींत पुढे एका विहिरीच्या दुरुस्तीचं काम शिरलं. विहीर कुणाच्या मळ्यात होती ते मला लेखापरीक्षण लागलं तेव्हा कळलं. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. रोखायलाच हवी होती.

तेव्हा पुढच्या वेळी असं करा. हजेरीचं पान वेगळं मागा, आणि कोऱ्या जागेखाली सही करायचीच नाही, समोर सख्खा चुलता बसला असला तरी. सभा संपण्याआधी प्रत्येक ठराव वाचून दाखवायला सांगा. सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरुद्ध किती. विरोध तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहा, खाली विरोध करणाऱ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद कचेरीत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर अध्यक्षांना सांगून करा, लपून केलं की चर्चा ठरावाची न होता तुमच्या मोबाइलची होते. आणि नक्कल आठ दिवसांत मागा. आठ महिने कशाची वाट बघत होता?

‘सर्वानुमते’ हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुन्हापुन्हा चर्चेला येतो, त्यासाठी गावाने अभ्यासगट चालवले. त्या पायावर त्यांनी २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे ‘सर्वानुमते’ लिहिलं तर त्याला अर्थ आहे. आपल्याकडे तो शिक्का आहे, विषय कुठलाही असो. कागदावर नीट उतरलेल्या ठरावाची ताकदही बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. भाषणाचं परिपत्रक होत नाही.

आता तुमचं प्रकरण. गायरान ही सरकारी जमीन. ग्रामपंचायतीच्या नुसत्या ठरावाने ती कुणाला देता येत नाही, प्रकरण महसूल खात्याकडे जातंच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत कडक भूमिका घेतली आहे, तेही तुमच्या बाजूचं. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी हरकत द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना. सह्या तुमच्या आहेत हे आधी मान्य करा आणि त्या हजेरीच्या होत्या असं स्पष्ट लिहा. खोट्या आहेत म्हणालात तर उद्या तुम्हीच अडकाल. पुढचं पाऊल महसुली कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवूनच टाका. माझं सदर वाचून दावा लावू नका.

व्हॉट्सॲपवर आलंय की आमच्या गावाला माणशी काही हजार रुपये येतात आणि पाच वर्षांत कोटभर रुपये आले. खरं आहे का? (अहिल्यानगर जिल्हा)

तो मजकूर आकडे बदलून गेली कित्येक वर्षं फिरतोय. तुमच्या गावाला किती आले हे मला विचारू नका आणि त्या मजकुराला तर नकोच. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा आराखडा आणि खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी दहा. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. ‘रस्त्याला पैसे नाहीत’ असं सरपंच म्हणतात तेव्हा ते दरवेळी खोटं बोलत नसतात. खर्चात संशयास्पद काही दिसलं तर त्या एकाच कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक मागा आणि एखाद्या माहितगार अभियंत्यासोबत जागेवर जाऊन बघा. मोजमाप वाचता न येता ‘घोटाळा’ म्हणू नका.

पंधराशे रुपये भरून ‘माहिती अधिकार कार्यकर्ता’ ओळखपत्र मिळतंय. ते असलं की अधिकारी घाबरतात म्हणे. घ्यावं का?

असं कुठलंही पद कायद्यात नाही. पंधराशे रुपये वाचवा. कार्ड विकणाऱ्याचा धंदा चाललाय, एवढाच त्याचा अर्थ. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. गल्लत इथेच होते, लोक चार महिने ‘साहेब देतो म्हणाले’ म्हणून थांबतात आणि मुदत घालवतात.

मी सरपंच आहे. एक संस्था ठरावीक रकमेत गावाचा विकास आराखडा करून देते आणि वर मानांकनाचं प्रमाणपत्रही. घ्यावं का? (लातूर जिल्हा)

पत्र सरपंचताईंच्या नावाने आहे, पण आत दोन ठिकाणी ‘मी गेलो होतो’ असं आहे. उत्तर ताईंसाठी. यजमानांनी वाचलं तरी हरकत नाही.

घेऊ नका. भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राने नळाला पाणी येत नाही. आराखडा विकत घेतला की तो शेजारच्या गावाचाच, फक्त नाव बदललेला निघतो. तपासणीत मी अशा आराखड्यात दुसऱ्या तालुक्यातली नदी वाहताना पाहिली आहे. ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखडा वस्तीवस्तीवर बसून, महिला सभा घेऊन करायचा असतो. त्याला अधिकृत प्रशिक्षण आहे, पंचायत समितीत विचारा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्यांना पिठाची गिरणी मोफत करून दिली. ही कल्पना कुणाच्या फायलीत सापडली नसती. आणि ताई, प्रोसिडिंगवर सही तुम्हीच करा, वाचून.

युवक मंडळाने दोन लाख जमवलेत. उन्हाळ्यात जेसीबी लावून नाला खोल करायचा आहे. परवानगी लागते का?

लागते. नाला तुमचा नाही आणि काठची शेतं दुसऱ्यांची आहेत. नाला किती खोल न्यायचा हे तासावर पैसे घेणाऱ्या जेसीबीवाल्याने ठरवायचं नसतं. तो खणतच जाईल. काम माथ्यापासून पायथ्याकडे आणायचं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर मारले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. तुम्ही शेवटून सुरुवात करताय. ग्रामसभेचा ठराव घ्या, मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्याकडून जागा बघून घ्या, शेतकऱ्यांची लेखी संमती घ्या. त्याआधी जेसीबीला आगाऊ रक्कम देऊ नका.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ग्रामसभेत बोलू शकतो का?

त्या गावचे मतदार असाल तर बोलू शकता. राजकारणात उतरू नका आणि वर्तणूक नियम एकदा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून समजून घ्या.

चार वर्षं गावात काम करतोय. लोक म्हणतात, आता सदस्यपदाला उभा राहा. माझा भाऊ ग्रामपंचायतीची छोटी कामं घेतो. अडचण येईल का? (जळगाव जिल्हा)

येऊ शकते. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्रतेचा अर्ज होतो. भावाच्या धंद्यात तुमचे पैसे, जामीनकी किंवा खातं कुठे गुंतलंय का, यावर बरंच अवलंबून आहे. ‘भाऊ वेगळा राहतो’ हे शेजारी मानतील, जिल्हाधिकारी कागद मागतील. अर्ज भरण्याच्या आठवड्यात धावाधाव करू नका, आत्ताच वकिलाला दाखवा. सरकारी जागेवर घराचा ओटा किंवा गोठा आलाय का, तेही नमुना ८ (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंद) आणि मोजणी नकाशा काढून तपासा. निवडून आल्यावर विरोधक तेच आधी काढतात. थकीत कराची मागणी येऊनही मुदतीत भरला नसेल तर तोही अपात्रतेचा मुद्दा. घरपट्टीची पावती सापडते का ते आज संध्याकाळी बघा.