कारमध्ये मॅग्नेटवाला मोबाईल होल्डर घ्यावा का? फोन पडतो का, बिघडतो का?

तुमचं म्हणणं असं, की कासारवडवलीहून रोज कारने ऐरोलीला जाता, फोन अँड्रॉइड आहे, त्याला जाड कव्हर आहे आणि चिमट्याचे दोन होल्डर तुटून झाले. आता मॅग्नेटवाला घेतला तर घोडबंदरच्या खड्ड्यांत फोन टिकेल का, मॅग्नेटने फोन बिघडेल का, आणि शेजारी बसणाऱ्या वडिलांना पेसमेकर आहे तर चालेल का, असे तीन प्रश्न आहेत.

घ्या, बिनधास्त घ्या. पण दुकानात उभं राहून "मॅग्नेट किती पॉवरचं?" एवढंच विचारून आलात तर तिसराही होल्डर वाया जाईल. मॅग्नेट कमी पडलं म्हणून फोन पडल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा सुटतं ते दुसरंच काहीतरी.

मी लिफ्टच्या मेन्टेनन्समध्ये आहे, सतरा वर्षं झाली. घर खारेगावला, कॉल घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत कुठलेही. दिवसातून दहा-पंधरा वेळा फोन होल्डरवरून काढायचा, जिने चढायचे, परत येऊन लावायचा. नव्या टॉवरमधल्या गिअरलेस लिफ्टच्या मोटरमध्ये जे निओडिमियमचं मॅग्नेट असतं त्याच जातीचं तुमच्या होल्डरमध्येही असतं, फक्त चिमुकलं. या कामात एक खोड लागते. काहीही टांगलेलं दिसलं की वरपासून खालपर्यंत कुठे कुठे जोड आहे ते मोजायचं.

तुमच्या गाडीत मोजा. डॅशबोर्डला टेप, टेपला होल्डर, होल्डरला मॅग्नेट, मॅग्नेटला लोखंडी चकती, चकती कव्हरला चिकटलेली आणि कव्हरात फोन. यातला मॅग्नेट-चकतीचा जोड सगळ्यात भरवशाचा. बाकीचे दगा देतात.

माझ्याच दोन फजित्या सांगतो. पहिली गायमुखच्या घाटातली, भर पावसाळ्यात. गाडी खड्ड्यात आदळली, मॅग्नेट घट्ट, चकती घट्ट, कव्हर होल्डरवर जसंच्या तसं, आणि फोन माझ्या पायाशी! दीड वर्षं वापरून कव्हर सैल झालं होतं, एका कोपऱ्यातून सुटलेलंच होतं. फोन ब्रेकच्या पेडलपासून वीतभर अंतरावर पडला होता. मी वाकलो नाही, हळूहळू कडेला घेतली, हॅजर्ड लावले आणि मग उचलला. तेव्हापासून होल्डर लावण्याआधी मी एकच गोष्ट बघतो, की इथून फोन पडला तर कुठे जाईल? स्टिअरिंगच्या उजव्या हाताची जागा दिसायला सोयीची, पण तिथून पडला की थेट पायांत. मधल्या पट्ट्यात, जरा डावीकडे झुकलेला असेल तर गिअरपाशी नाहीतर शेजारच्या सीटपाशी पडतो. तिथे पडू दे, काच फुटेल फार तर.

दुसरी फजिती मे महिन्यातली. घणसोलीला साइटवर गाडी चार तास उन्हात उभी होती. येऊन बघतो तर होल्डर टेपसकट खाली मॅटवर. चूक माझीच होती. आदल्या रविवारी डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारलं होतं. त्यात सिलिकॉन असतं आणि त्याच्यावर जगातली कुठलीच टेप नीट धरत नाही. शिवाय टेप लावून लगेच फोन टांगला होता. चांगल्या फोमच्या डबल टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. शुक्रवारी रात्री लावा आणि सोमवारी रात्रीपर्यंत फोन खिशातच ठेवा. लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा (मेडिकलमध्ये स्पिरिटचे छोटे स्वॅब मिळतात, तेही चालतात), सुकू द्या आणि अंगठ्याने पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. डॅशबोर्ड खरबरीत किंवा कातड्यासारख्या मऊ आवरणाचा असेल तर टेपच्या नादी लागू नका.

उन्हाने मॅग्नेट मरत नाही का, असंही लोक विचारतात. साध्या ग्रेडचं निओडिमियम मॅग्नेट साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. त्याच्या कितीतरी आधी टेप मऊ पडते आणि फोन तर कधीच हात टेकतो. आयफोनसाठी ॲपलनेच वापराची मर्यादा ३५ अंश आणि नुसता ठेवण्याची ४५ अंश दिली आहे. बंद गाडी मेमध्ये ती मर्यादा सहज ओलांडते. होल्डर राहू दे गाडीत, फोन ठेवू नका.

आता दुकानदार हातोडी उचलून दाखवतो त्याबद्दल. होल्डरला पक्कड, हातोडी, काय काय चिकटवून दाखवतात. हातोडी म्हणजे जाडजूड लोखंड, त्याला कुठलंही मॅग्नेट घट्टच चिकटणार. तुमच्या फोनची चकती असते पातळ पत्र्याची. पातळ पत्रा ठराविक मर्यादेपर्यंतच चुंबकीय रेषा वाहून नेतो, त्यापुढे मॅग्नेट कितीही मोठं घ्या, पकड वाढत नाही. त्यापेक्षा चकती थोडी मोठी आणि जाड घेतलीत तर फरक हाताला जाणवतो. मधलं अंतर तर सगळ्यात वाईट. चकती आणि मॅग्नेट यांच्यात दोन मिलिमीटरचं रबरी कव्हर आलं की पकड धाडकन उतरते. म्हणजे तुमच्या जाड कव्हराच्या आत चकती सरकवायचा बेत असेल तर विसरा.

आणखी एक गंमत, जी खोक्यावर कधी लिहिलेली नसते. मॅग्नेटची ताकद मोजतात ती सरळ ओढून. गाडीत फोन असतो उभा, तो सुटतो ओढल्याने नाही, खाली घसरल्याने. घसरण थांबवायला मॅग्नेटइतकंच त्याच्या तोंडावरचं रबर कामाचं. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या तोंडाचा होल्डर फोन धरून तर ठेवतो, पण प्रत्येक खड्ड्याला तो बोटभर खाली सरकतो. मऊ रबर किंवा सिलिकॉनचं तोंड असलेलाच घ्या. दुकानात चाचणी करायची तर हातोडी बाजूला ठेवा, स्वतःचा फोन स्वतःच्या कव्हरासकट लावा, होल्डर हातात उभा धरा, खाली दुसरा हात ठेवा आणि दोन-तीन जोराचे हिसके द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

चकतीचं काय करायचं? तुमचं कव्हर सिलिकॉनचं असेल तर त्यावर चकतीची टेप टिकणार नाही, आठवड्यात सोलून निघेल. कडक प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कव्हरावर छान बसते. माझा सरळ सल्ला असा, की आतच मॅग्नेटची गोल रिंग बसवलेलं कव्हर तुमच्या मॉडेलला मिळतंय का बघा. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ सोबत मॅगसेफ आणलं, म्हणजे फोनच्या पाठीतच मॅग्नेटची गोल रिंग, तेव्हापासून ही गोल रिंग म्हणजे एक प्रमाणच होऊन बसलं. २०२३ मध्ये आलेल्या क्यूआय-टू या वायरलेस चार्जिंगच्या मानकातही तीच कल्पना घेतली आहे. त्यामुळे बाजारातले नवे होल्डर त्या मापाचे असतात आणि चालत्या अँड्रॉइड मॉडेल्ससाठी तशी कव्हरं गोखले रोडवरच्या दुकानांतसुद्धा टांगलेली दिसतात. रिंग असली की फोन आपोआप मध्यावर बसतो, न बघता एका हाताने लागतो. चकतीच्या होल्डरवर आधी चाचपडावं लागतं, आणि गाडी चालवताना चाचपडणं नकोच.

फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर लोखंडी चकती मध्यावर लावू नका. चार्जिंग तर होत नाहीच, वर चकती तापते. रिंगचा मधला भाग मोकळा असल्याने तिथे ही अडचण नसते. वायरने चार्ज करत असाल तर वायर सैल सोडा. ताणलेली वायर फोनला हळूहळू फिरवते आणि आडवा लावलेला फोन तुर्भ्यापर्यंत तिरका होतो.

एसीच्या जाळीवर लावायचा की डॅशबोर्डवर, यावर आमच्या ऑफिसात दोन पक्ष आहेत. मी जाळीवाला. उन्हाळ्यात फोनला थंड हवा लागते, नेव्हिगेशन आणि चार्जिंग एकत्र चालू असूनही तापत नाही. पण अट अशी, की होल्डरला हूक असावा, जो जाळीच्या पट्टीला मागून अडकतो आणि स्क्रूने आवळता येतो, आणि खाली टेकायला पाय असावा. नुसता चिमटा असला की फोनचं सगळं वजन एका नाजूक पट्टीवर येतं. माझ्या हेल्परच्या गाडीत ती पट्टी मोडली आणि नुसती पट्टी सुटी मिळेना, अख्खी जाळी बदलावी लागली. जाळी गोल असेल तर हा प्रकार सोडाच. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला गरम हवा सोडलीत तर ती फोनवर येणार नाही असं बघा, तेवढी एक जाळी बंद ठेवता येते. आणि गार झालेला फोन घेऊन जुलैच्या दमट हवेत उतरलात की स्क्रीनवर दव जमतं. पुसून टाकायचं, घाबरायचं कारण नाही.

काचेवर चिकटवणारे होल्डर मला आवडत नाहीत, नजर अडते. एअरबॅगच्या झाकणावर तर काहीच लावू नका, डावीकडच्याही.

फोन बिघडण्याची भीती जुन्या कॅसेट आणि हार्ड डिस्कच्या काळातली आहे. फोनची मेमरी चुंबकीय नसते आणि फोनच्या स्पीकरमध्ये मॅग्नेट आधीपासूनच बसलेलं असतं. फरक पडतो तो होकायंत्राला. सिग्नलला थांबलात की नकाशातला बाण भलतीकडे वळू शकतो, गाडी चालू लागली की जीपीएसवरून दिशा कळते आणि तो सरळ होतो. हे तुम्हाला नेमकं माजिवड्याला नडेल, कारण तिथेच ठरवायचं असतं की साकेतकडून कळव्यात उतरून विटाव्याने जायचं की कोपरीवरून मुलुंड-ऐरोली पूल पकडायचा. (छोट्या गाड्यांना ऐरोलीचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला, तेव्हापासून मी पूलच पकडतो. विटाव्याच्या सबवेत पाणी साचलं की नकाशाला कळेपर्यंत आपण आत असतो.) थांबलेले असताना बाण बघू नका, पुढच्या वळणाचं नाव ऐका. फोन काढल्यावरही होकायंत्र हुकतंय वाटलं तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा.

कॅमेऱ्याच्या अगदी जवळ चकती नको. काही कॅमेऱ्यांत हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा मॅग्नेटवरच चालते, तिला बाहेरचं मॅग्नेट आवडत नाही. फास्टॅगला काही होत नाही. चिपच्या कार्डालाही नाही. मात्र काळी पट्टी असलेलं कार्ड फोनच्या कव्हरात खोचायची सवय असेल तर सोडा.

बाइकवाल्यांनी हे वाचून मॅग्नेट घेऊ नये. २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवर फोन बसवला तर कंपनाने कॅमेऱ्याची ती यंत्रणा बिघडू शकते. स्कूटरवर फोन लावायचाच तर चारही कोपरे धरणारा आणि खाली रबर असलेला क्लॅम्प लावा.

पोलिसांचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत मुभा आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष न ढळता. होल्डरवर फोन आहे म्हणून व्हॉट्सॲप वाचायला परवानगी मिळाली असं समजू नका.

वडिलांच्या पेसमेकरबद्दल मी जरा काळजीने लिहितो, कारण माझ्या सासऱ्यांनाही आहे. मॅगसेफसारख्या फोनसाठी ॲपलचा सल्ला असा आहे की फोन आणि त्याची मॅग्नेटवाली उपकरणं पेसमेकरपासून १५ सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवावीत, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटीमीटरपेक्षा. डॅशबोर्डवरचा होल्डर शेजारी बसलेल्या माणसाच्या छातीपासून त्याहून बराच लांब असतो. खरी भानगड उतरताना होते. आपण सीटबेल्ट सोडतो, दरवाजा उघडतो आणि फोन धरायला म्हणून वडिलांच्या हातात देतो. ते तो सवयीने शर्टाच्या डाव्या खिशात टाकतात, रिंगच्या कव्हरासकट. आमच्याकडे आता सासऱ्यांच्या हातात मी गाडीची चावी देतो आणि फोन स्वतःच्या पँटच्या खिशात ठेवतो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ते कव्हर सोबत न्या आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.