बीडीएसचं दुसरं वर्ष, थांबलेला रियाज आणि पप्पांची घाई

बार्शीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. पुण्यातल्या एका खासगी दंत महाविद्यालयात ती बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. नीटमध्ये एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणून इकडे आली. शास्त्रीय गायनातली मध्यमा पूर्ण ही परीक्षा तिने दहावीतच दिली होती, विशारद करायचं ठरलं होतं. ती लिहिते :

‘दिवस कॉलेजात जातो आणि रात्र हॉस्टेलवर टीथ सेटिंग, म्हणजे कवळीसाठी मेणात दात बसवण्यात. चार वेळा रिजेक्ट झालंय. पुण्यात आल्यापासून नीट रियाज केलेला नाही. पप्पांनी नीट-एमडीएसचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा ऑनलाइन क्लास आत्ताच लावून दिलाय, गाणं पाच वर्षं बाजूला ठेव म्हणतात. दिवाळीला घरी गेले नाही. कधी कधी सकाळ होऊच नये असं वाटतं. मी चुकीच्या ठिकाणी आले का?’

तुझ्या शेवटून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते. ‘सकाळ होऊच नये’ असं व्हाय्वाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री पुष्कळ मुलांना वाटतं आणि व्हाय्वा झाला की ते विरून जातं. तुझं तेवढंच आहे की कित्येक आठवडे रोज तसं वाटतंय, हे पत्रावरून कळत नाही. रोजचं असेल, झोप मोडत असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर पुढचं सगळं नंतर वाच. आधी १४४१६ वर फोन कर. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आणि आईला सांग, आजच. पप्पांना दोन दिवसांनी सांगितलंस तरी चालेल. मोठ्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून जाण्यात कमीपणा काही नाही. उद्या तूच पेशंटला ‘दुखायला लागल्यावर लगेच का नाही आलात?’ असं विचारणार आहेस.

आता कॉलेजचं बोलू. पाचही वर्षं अशीच जाणार, असं तू धरून चालली आहेस. पण बीडीएसचा भार दर वर्षी वेगळा असतो, आणि तू सध्या त्यातल्या अडचणीच्या जागी आहेस. दुसऱ्या वर्षात जनरल पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स असं पाठांतर एकीकडे आणि प्रीक्लिनिकल प्रोस्थो (कवळ्या, कृत्रिम दात) व कॉन्झर्व्हेटिव्हचं (दात भरण्याचं) हातकाम दुसरीकडे. पेशंट अजून समोर आलेला नसतो, त्यामुळे हे मेण, हे प्लास्टर, ही टायपोडाँटवरची (नकली जबड्यातल्या दातावरची) कॅव्हिटी कशासाठी करायची तेही जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेला जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी आणि ओरल पॅथॉलॉजी हे तीनच विषय असतात. पोस्टिंग सुरू होतात, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत पेशंट बघायची पाळी येते, पायाला भिंगरी लागते, पण डोक्यावरचं पुस्तकांचं ओझं कमी होतं. चौथ्या वर्षी मात्र ओरल मेडिसिन, ऑर्थो, पेडो, पेरिओ, ओरल सर्जरी, कॉन्झर्व्हेटिव्ह, प्रोस्थो आणि पब्लिक हेल्थ असे आठ विषय एकदम येतात, वर प्रत्येक विभागाचा कोटा, म्हणजे ठरलेल्या इतक्या केसेस पूर्ण करणं. मग इंटर्नशिपचं वर्ष.

म्हणून रोजचा दिवस काटेकोर वाटून घ्यायचा नाद सोड. सहा तास झोप, दोन तास वाचन, एक तास गाणं असं वेळापत्रक दुसऱ्या वर्षातली मुलगी सहसा आठवडाभरही पाळू शकत नाही, आणि ते मोडलं की अपराधी वाटतं ते वेगळंच. वर्षा-वर्षाचा हिशोब मांड. कुठल्या वर्षी काय वाढवायचं आणि कुठल्या वर्षी फक्त टिकवायचं, एवढं ठरव.

आता तुझ्या रात्री कुठे जातात ते बघू. मला वाटतं, तुझ्या पत्रातलं खरं दुखणं तिथेच आहे. तुझ्याकडे दोन जातींची कामं आहेत. वाचन कुठेही होतं, कधीही होतं, वेळ पडली तर थोडक्यातही उरकता येतं. हातकामाचं तसं नाही. ते दाखवणारा माणूस जवळ असतानाच व्हायला हवं. तू नेमकं हातकाम हॉस्टेलवर नेतेस, आणि लॅबच्या तासात कदाचित कंटाळून मोबाइलवर नोट्स वाचत असशील. हे उलटं कर.

सेटिंग रात्री का बिघडतं, याला कारण आहे. मेण थंड होताना आकसतं आणि दात जागचा हलतो. रात्री एक वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात बरोबर वाटलेलं ऑक्लुजन (वरच्या-खालच्या दातांची जुळणी) सकाळी फटी दाखवतं. त्यात ते बॅगेत घालून उन्हातून कॉलेजला आणलंस तर मेण आणखी मऊ पडतं. तुझे हात वाईट आहेत असा यातून अर्थ काढू नकोस. लॅबमध्येच बस. वरचे पुढचे सहा दात लावलेस की थांब, पुढे जाऊ नकोस. मिडलाइन, लॅटरलची (मधल्या दाताशेजारच्या दाताची) कड प्लेनपासून (चावण्याच्या पातळीपासून) किंचित वर आहे की नाही, कॅनाइनचा (सुळ्याचा) कल, एवढं मॅडमना दाखव, सही नाही मिळाली तरी निदान मान हलवून घे. मग खालचे, मग मोलर. पूर्ण सेटिंग करून एकदम दाखवायला नेलं की एका चुकीपायी अठ्ठावीस दात काढावे लागतात. आणि लॅबमध्ये जे टेक्निशियन काका असतात ना, त्यांच्याशेजारी दोन दुपारी नुसती उभी राहा. वॅक्स नाइफ किती तापवायचा, दात बसवल्यावर बोट किती वेळ धरून ठेवायचं, हे त्यांच्या हाताकडे बघून जितकं कळतं तितकं मॅन्युअल वाचून कळत नाही. मुलं त्यांच्याकडे फक्त प्लास्टर मागायला जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

एवढं बदललंस तर आठवड्यातल्या किमान तीन-चार रात्री मोकळ्या होतील. त्या आधी झोपेला दे. गाणं त्यानंतर.

गाण्याबद्दल मी पप्पांशी सहमत नाही. गळा पाच वर्षं बाजूला ठेवता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण दोन-दोन तासांचा रियाज यंदा होणार नाही, तोही आग्रह नको. यंदा फक्त सकाळचा अर्धा-पाऊण तास : षड्जाचा अभ्यास, अलंकार, एखादा राग चालू ठेवायचा. हॉस्टेलवर शेजारणी झोपलेल्या असतात ही अडचण खरी आहे. गच्ची, रेक्टरबाईंची परवानगी घेऊन मेसचा रिकामा हॉल, कॉलेजच्या गॅदरिंगची खोली, काहीतरी निघतं. विचारल्याशिवाय निघत नाही.

सकाळच म्हणते, त्यामागे दूरचा विचार आहे. ‘डेंटिस्टला बरं असतं, इमर्जन्सी नाही, रात्रीचे फोन नाहीत, मुलींना चांगलं’ असं तुला येताना सगळ्यांनी सांगितलं असेल. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडे दातांचे दवाखाने चालतात ते संध्याकाळी, कारण नोकरीवाला पेशंट ऑफिस सुटल्यावर येतो आणि रूट कॅनालच्या बैठका शनिवार-रविवारी मागतो. गाण्याचे क्लास, मैफली, मुलाबाळांचा अभ्यास, सगळं नेमकं त्याच वेळेला. तू पुढे स्वतःचा दवाखाना काढलास तर संध्याकाळ तुझी राहणार नाही. सकाळ मात्र राहील. आत्ता लावलेली सकाळची सवय पुढे तीस वर्षं उपयोगी पडेल.

विशारदचा मार्गही वर्षांच्या भाराप्रमाणे आख. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षेपासून लांबचं सत्र निवडता येतं. विशारद प्रथम तिसऱ्या वर्षात दे. चौथ्या वर्षी परीक्षा नको, फक्त गळा चालू ठेव. विशारद पूर्ण इंटर्नशिपमध्ये. लेखी पेपरही असतात, तेव्हा शास्त्राची वही आत्तापासून उघडी राहू दे. बार्शीच्या गुरुजींना फोन करून हा आराखडा सांग आणि महिन्यातून एक रविवार व्हिडिओ कॉलवर शिकवाल का, असं विचार. लाजू नकोस. शिष्य परत आला की गुरुजी रागावत नाहीत.

एक काळजी मात्र घे, ही खास तुझ्यासाठी. ॲक्रिलिकच्या मोनोमरचा (कवळीचं प्लास्टिक कालवायच्या द्रवाचा) वास आणि प्लास्टरची धूळ घशाला चांगली नाही. लॅबमध्ये खिडकी उघडी ठेव, ट्रिमिंग करताना मास्क लाव. आणि खुर्चीत वाकून बसण्याची सवय आत्ताच मोड. पुष्कळ डेंटिस्टांची मान आणि कंबर याच सवयीने जाते, आणि गाणाऱ्या बाईला ताठ बसता आलं पाहिजे.

दात आणि कला एका माणसात नांदतात का, असं घरी कोणी विचारलं तर डॉ. काशिनाथ घाणेकर शिक्षणाने दंतवैद्यच होते, एवढं सांग. त्यांच्या आयुष्याचा कित्ता गिरव असं मी म्हणणार नाही, त्यात सोसणं फार होतं. पण त्यांच्या नाटकातल्या संभाजीवर जीव टाकलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा वाटू नये.

घरी जाण्याचं म्हणशील तर हजेरीचा नियम भीतीपोटी ऐकू नकोस, वाचून समजून घे. प्रत्येक विषयात थिअरीला आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळी ७५ टक्के हजेरी लागते. उरलेले २५ टक्के आजारपणासाठी आणि माणसांसाठी आहेत. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बस : दिवाळी, घरातलं एखादं लग्न, आईचं काही असेल ते. सबमिशनच्या आठवड्यात न येणारे दिवस निवड आणि ते दिवस आधीच घरी सांगून टाक. शेवटच्या क्षणी ‘जमणार नाही’ म्हणण्याने घरच्यांना जितकं लागतं, तितकं तुझ्या गैरहजेरीने लागत नाही. आजोबांना कवळी करायची असेल तर चौथ्या वर्षापर्यंत थांबायला सांग. कंप्लीट डेंचरला इम्प्रेशनपासून (जबड्याचं माप घेण्यापासून) बसवण्यापर्यंत पाचेक भेटी लागतात, भेट चुकवणाऱ्या पेशंटपायी मुलांचा कोटा अडकतो, आणि आजोबा पुण्यात आठ-दहा दिवस राहिले तर तुझं काम होईल आणि तुझी माणसंही जवळ राहतील.

चुकीच्या ठिकाणी आलीस का, याचं उत्तर मी आज देणार नाही, तूही देऊ नकोस. तुला अजून एकही पेशंट बघायला मिळालेला नाही. मेणाचे दात आवडले नाहीत म्हणून दंतवैद्यकी आवडत नाही, असं होत नाही. तिसऱ्या वर्षातल्या पोस्टिंगमध्ये सहा महिने घालव. कुणाचा ठणकणारा दात तू लोकल (भूल) देऊन काढशील, तो माणूस उठून बसेल, तेव्हा तुला काय वाटतं ते डायरीत लिही. तेव्हाही कोरडंच वाटलं तर मला परत लिही, आपण बाहेर पडण्याच्या किंवा वळण्याच्या वाटा नीट बसून बघू. मधल्या काळात एखादा विषय राहिला तर वर्ष गेलं असं समजू नकोस. एका विषयात नापास झालेल्याला पुढच्या वर्गात बसता येतं, फक्त तो विषय पुढच्या विद्यापीठ परीक्षेआधी सोडवावा लागतो.

आता चार ओळी पप्पांसाठी. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

साहेब, तुमची काळजी मला समजते. खासगी कॉलेजची फी भरणाऱ्या बापाला एकेक वर्ष मोजावंसं वाटतं. पण नीट-एमडीएसला बसायला आधी इंटर्नशिप पूर्ण व्हावी लागते, आणि तिची इंटर्नशिप संपायला अजून तीन वर्षांहून जास्त आहेत. त्या परीक्षेच्या २४० प्रश्नांमध्ये ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी हेही विषय असतात, जे ती गेल्या वर्षी शिकली किंवा आत्ता कॉलेजात शिकते आहे. आत्ताचा विषय नीट शिकली तर तीच एमडीएसची तयारी. शिवाय २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ या देशभरच्या एकाच परीक्षेची तरतूद आहे. व्यवसायाचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश, दोन्ही तिच्यावर ठरणार. तेव्हा तीन वर्षांनंतर परीक्षेचं स्वरूप आजचंच असेल हे धरून आज पैसे गुंतवण्यात अर्थ नाही. एमडीएस हवं की नको, आणि हवं तर कुठल्या शाखेत, हे चौथ्या वर्षात आठही विभाग बघितल्यावर तिलाच नीट सांगता येईल. तोपर्यंत तो क्लास बंद करून पैसे परत मिळतात का बघा. मिळाले तर त्यातून तिला इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन द्या.

आणि तू, येत्या शनिवारी सेटिंग लॅबमध्येच पूर्ण करून ये. सही मिळाली की कळव, नाही मिळाली तरी कळव. कुठला दात अडतोय तेवढं लिहिलंस तरी पुरे.